वाटा ठरला तरच त्याग घडतो



श्रोतेहो, तानसा खोऱ्यात भाताची झोडणी उरकली की माणसांना जोडधंद्याचे वेध लागतात. शहापुराकडे कोणी चौघे मिळून भाजीपाल्याचा मळा लावतात, मुरबाडाकडे कोणी पौषी पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेत भागीत दुकान मांडतात. एकाची जमीन, दुसऱ्याचा पैसा, बाकीच्या दोघांचे अंगमेहनतीचे हात. चौघेही माळकरी. एकादशीला एकाच टाळाच्या रांगेत उभे राहणारे. वाट्याची गोष्ट काढली की म्हणतात, "बुवा, आपण विठोबाची लेकरं. आपल्यात लिहिणं कशाला? मिळेल ते वाटून खाऊ." ऐकायला किती गोड! पण पहिली विक्री होऊन पैसा हातात आला, की ज्याची जमीन तो म्हणतो निम्मे माझे. ज्याने रात्री जागून पाणी दिले तो म्हणतो, मग माझ्या जागरणाचे काय? मळा मोडतो, तो मोडो बापडा. पण पुढल्या एकादशीला टाळाच्या रांगेत दोन जागा रिकाम्या दिसतात, हे दुःख मोठे.

कोणी म्हणेल, गोपाळकाल्यात देव शिदोऱ्या मोजीत होता काय? नाही. पण काला हा प्रसाद आहे. जो शिदोरी घालतो तो ती देवाला देऊनच घालतो, परत नेण्यासाठी नव्हे. धंद्यात प्रत्येकजण घरच्या चुलीसाठी उतरतो. आपल्या दिंडीचेच पाहा ना. भजनात लहानथोर नाही, पण जेवणाची भिशी प्रस्थानापूर्वी ठरते. ती ठरलेली असते म्हणून वाटेत कोणी कोणाच्या पानाकडे पाहात नाही.

आता शास्त्र काय म्हणते? मनूने वादाची अठरा पदे सांगितली, त्यांतले चौथे 'संभूयसमुत्थान', म्हणजे अनेकांनी मिळून आरंभलेले काम. तेथे यज्ञाच्या दक्षिणेची वाटणी आहे. ऋत्विज सोळा. टीकाकार शंभर गाईंचा हिशेब मांडतात: मुख्य चौघांना प्रत्येकी १२, दुसऱ्या चौघांना ६, तिसऱ्यांना ४, चौथ्यांना ३. बेरीज करून पाहा, बरोबर १०० भरते. यज्ञासारखे पवित्र कर्म, तरी तेथे वाटा मोघम ठेवला नाही. आणि ऋत्विज मध्येच काम सोडून गेला, तर केल्या कामापुरता वाटा त्याला द्यावा असेही सांगितले.

याज्ञवल्क्य व्यापाऱ्यांविषयी म्हणतो की नफा आणि तोटा दोन्ही घातलेल्या द्रव्याप्रमाणे, अथवा आपसांत ठरल्याप्रमाणे वाटावे. सोबत्यांनी नको म्हटलेले, किंवा न विचारता, किंवा हयगयीने करून कोणी माल बुडवला, तर त्याने तो भरून द्यावा. संकटातून माल वाचवणाऱ्याला दहावा हिस्सा द्यावा. कपटी भागीदाराला नफा न देता काढावे. जो स्वतः करू शकत नाही त्याने दुसऱ्याकडून आपले काम करवावे. आणि शेवटी, हाच नियम शेतकऱ्यांना व कारागिरांनाही लावावा असे म्हटले. म्हणजे ही गोष्ट आपल्या मळ्यापर्यंत आली की नाही?

आजचा कायदाही ऐका. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे काहीच ठरलेले नसेल तर नफा सारखा आणि तोटाही सारखा. राबणाऱ्याला वेगळी मजुरी नाही. रात्री जागणारा आणि घरी झोपणारा, दोघांना एकच चवली! हे मान्य नसेल तर आधी बोलावे लागते.

मग बोलावे काय? कोणी काय घातले. त्यातले मोडताना कोणाचे कोणाकडे परत जायचे. श्रमाला आधी मजुरी की नफ्यात वाटा. तोटा कोणी किती सोसायचा. आजारी पडला, सोडून गेला तर काय. आणि वही कोणाजवळ, ती कधी सर्वांपुढे वाचायची. एवढे एका कागदावर लिहून चौघांनी सह्या कराव्या. ज्याला वाचता येत नाही त्याला दोनदा वाचून दाखवावे. विशेषतः जो गरीब आहे, भिडस्त आहे, त्याला आधी बोलू द्यावे. भिडेने दिलेला होकार हा होकार नव्हे.

"पण बुवा, वारकऱ्याने वाट्याचा लोभ धरावा काय?" तुकोबारायांचे चरित्र पाहा. महिपतिबुवा ताहराबादकरांनी भक्तलीलामृतात (१७७४) ते गायिले आहे. घरची कर्जखते इंद्रायणीत सोडायची ठरली, तेव्हा बंधू कान्होबांनी आपल्या संसाराची अडचण सांगितली. महाराजांनी काय केले? खते निम्मी वाटली. कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला, आणि आपलाच तेवढा डोहात सोडला. एवढे विरक्त, पण भावाच्या वाट्याचा एक कागदही त्यांनी भिजू दिला नाही!

बाबांनो, येथे मर्म आहे. त्याग आपल्या वाट्याचा होतो, दुसऱ्याच्या वाट्याचा होत नाही. आणि आपला वाटा कोणता हेच ठरले नसेल, तर सोडणार काय? वाटा ठरवा, मग त्यातला खुशाल सोबत्याला द्या, पंढरीच्या वाटेवर अन्नदानात घाला. तो त्याग देवाला पावेल. न ठरवता 'सारे आपलेच' म्हणणे म्हणजे पुष्कळदा दुसऱ्याचे आपले म्हणणे होय.

तेव्हा मळ्यात पहिली कुदळ पडण्याआधी चौघांनी देवळात बसावे, विठोबाला साक्ष ठेवावे आणि कागद लिहावा. मग हिशेब मळ्यात राहील आणि टाळाची रांग भरलेली राहील. एवढे बोलून ही वाकडीतिकडी सेवा संतचरणी अर्पण करतो.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!