दहा रुपयांची जमा

आमच्या हिने दहा वर्षं दिल्लीचा हट्ट धरला होता. देशाची राजधानी एकदा पाहायचीच! मी बी.कॉम., त्यात बँकेत कारकून. कागदावर खर्च मांडला आणि शेवटी म्हटलं, ‘‘अगं, राजधानीच पाहायची ना? मग आपल्याकडे काय कमी आहे?’’ आम्ही पोलादपूरचे, नोकरी महाडला, आणि 1674 साली जिथे राज्याभिषेक झाला तो रायगड महाड तालुक्यातच. तरी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी तो पाहिला नव्हता. बोहल्यावर चढलेल्या मुलीसारखी ही गप्प बसली. मी तो होकार समजलो.

2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालेलं, त्यामुळे हिला बरोबर नेणंही परवडलं. भाकरी आणि लसणीची चटणी घरची. रोपवे 1996 पासून आहे. पण पाय त्याच्या आधीपासून आहेत आणि त्यांना तिकीट नाही.

महादरवाजाच्या अलीकडे एक बाई ताक घेऊन बसली होती. वीस रुपये ग्लास.

‘‘दोन घेतो मावशी, तीस रुपयांत द्या.’’

‘‘खालनं डोक्यावर आणलंय, दादा.’’

‘‘म्हणून तर तीस म्हणतोय!’’

तिने दिलं. मी मनातल्या मनात दहा रुपये जमा धरले.

वर बाजारपेठ पाहिली. दुकानांची जोती चांगली उंच. घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी म्हणून, असं सांगतात. पुढे हिरकणीचा बुरूज. मी रंगात येऊन हिला गोष्ट सांगितली: दूध विकायला आलेली बाई, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं मूल, अंधारात उतरलेला तो कडा. सांगता सांगता माझाच गळा दाटून आला.

ही म्हणाली, ‘‘तिच्याशी भाव केला असतात का हो?’’

दिल्लीचा सगळा सूड बाईने एका वाक्यात उगवला.

मी बचाव केला. सौदा दोघांच्या संमतीने झाला, ती नाही म्हणू शकली असती, वगैरे. पण उन्हात ताक आंबत होतं. घाई तिला होती, मला नव्हती. शिवाय डॉक्टरांच्या फीमध्ये मी आजवर एक रुपया कमी करून घेतलेला नाही. कापडाच्या मोठ्या दुकानात चिठ्ठीवरचा आकडा निमूट मोजतो. माझा भाव चालतो तो फक्त जमिनीवर बसलेल्यांशी. म्हणजे गड मी पायी चढलो खरा, पण ताक मात्र घोड्यावरूनच घेतलं!

आणि कॉमर्सच्या पहिल्याच वर्षी शिकवलेलं आठवलं: एकीकडे जमा झाली की दुसरीकडे नावे पडलंच पाहिजे. माझी काटकसर मी आयुष्यभर जमेला मांडत आलो. ती कुणाच्या नावे पडत होती, ते पान उलटून पाहिलंच नव्हतं.

उतरताना दहाची नोट हातातच धरली होती. पण बाई नव्हती. शेजारचा काकडीवाला म्हणाला, ‘‘ती गेली कवाच. घरी लहान पोर हाय तिचं.’’

हिने माझ्याकडे पाहिलं नाही, हे तिचे उपकार.

ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आम्ही बँकेत सस्पेन्स खात्यात टाकतो. ती नोट अजून माझ्या पाकिटाच्या आतल्या कप्प्यात आहे. पुढच्या रविवारी पुन्हा रायगड. ही म्हणते, ‘‘दहा रुपये द्यायला दोघांचं एसटीचं तिकीट?’’

मी हिशेब केला नाही.