ऐकून न ऐकल्यासारखं

उल्हासनगर कॅम्प ४ च्या जुन्या भागात दोन घरांमधली भिंत नावालाच असते. हे शहरच दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींतून उभं राहिलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी मधे पडदे, पत्रे लावून तिथे संसार मांडले. १९४९ साली छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पुढे घाटावरून, मराठवाड्यातून आलेली आपली माणसं सुभाष टेकडीसारख्या वस्त्यांत स्थिरावली. अशा दाटीत एक शहाणपण अंगी बाणतं. शेजारचं भांडण ऐकू आलं तरी सकाळी पाणी भरताना त्यातलं अक्षर तोंडावर आणायचं नाही. या मर्यादेमुळेच आमच्या वस्त्या नांदल्या, असं मी मानतो.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे लोकल थांबली. विठ्ठलवाडीहून सकाळची गाडी धरणारा माणूस एरवी घरी यायचा तो रात्री जेवायला आणि निजायला. दुपारचे दोन-तीन तास बाईचे असत. कामासाठी घरी आणलेल्या जीन्सचे धागे कापता कापता शेजारणीशी बोलावं, जरा पाठ टेकावी, माहेरी फोन करावा. टाळेबंदीत ते तास गेले. कारखाने बंद, हातातला पैसा आटलेला, आणि दहा बाय बाराच्या खोलीत सगळे चोवीस तास समोरासमोर. ज्याने कधी डब्यात डोकावलं नव्हतं, तो डाळीत पाणी किती आणि फोन कुणाचा, हे विचारू लागला.

माझ्या ओळखीच्या एक बाई रोज "वाळवण बघून येते" म्हणून गच्चीवर जायच्या आणि पाण्याच्या टाकीआड उभं राहून आईशी बोलायच्या. त्या वर्षी त्यांनी एकदाच पापड घातले होते. ते केव्हाच वाळून डब्यात गेले होते.

त्यांच्या नवऱ्याला मी दुष्ट म्हणणार नाही. काम सुटायची धास्ती त्यालाही पोखरत होती. पण धास्तीने माणूस चिडचिडा होणं वेगळं आणि त्याने हात उगारणं वेगळं. आणि हात उगारले गेलेच. २३ मार्च ते १६ एप्रिल २०२० या काळात राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरगुती हिंसाचाराच्या २३९ तक्रारी आल्या. त्याआधीच्या तेवढ्याच दिवसांत त्या १२३ होत्या. आयोगाने व्हॉट्सअ‍ॅपचा क्रमांकही सुरू केला, कारण मारणारा समोर बसलेला असताना बाई फोनवर बोलणार कशी? पण त्यासाठी हातात स्वतःचा फोन हवा. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता.

सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेची पथकं दारोदार फिरली. त्यांनी ताप मोजला, ऑक्सिजन पाहिला, मधुमेह आहे का विचारलं. त्यांचं काम तेवढंच होतं. आत आणखी काय चाललंय, हे ठाऊक होतं ते फक्त भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला. आणि तो जुन्या सवयीने गप्प होता.

मला बोचतं ते हेच. न ऐकण्याचं ते शहाणपण त्या दिवसांत घराच्या आत हवं होतं. बायको कोपऱ्यात फोनवर बोलत असेल तर नवऱ्याने कान देऊ नये, तरुण पोरगी पांघरूण ओढून पडली असेल तर तिला कारण विचारू नये. एका खोलीत राहूनही माणसाला थोडं एकटं सोडता येतं. घराबाहेर मात्र तेच शहाणपण मोडायला हवं होतं. आपण नेमकं उलट केलं. आत एकेका श्वासाचा हिशेब मागितला आणि पलीकडचं रडणं ऐकून टीव्हीचा आवाज वाढवला.

"दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडायचं" ही सबब तेव्हाही खरी नव्हती. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ आहे. त्यानुसार कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि प्रामाणिक हेतूने दिलेल्या माहितीसाठी त्याच्यावर कसलंही दायित्व येत नाही. एवढंही जमत नसेल तर दार वाजवावं. पाणी आलं का विचारायला, वाटीभर साखर मागायला, कशालाही. दुसऱ्या दिवशी ती शेजारीण एकटी भेटली की हळूच विचारावं, "ताई, काल ऐकू आलं मला. महिला हेल्पलाइनच्या १८१ वर फोन लावून देऊ का?"