हक्काचं तिकीट

दिवाळीत भिवंडीचा एसटी स्टँड कसा असतो, ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. फराळाचे डबे, लेकी-सुनांच्या पिशव्या, खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागा आणि ‘ओ मास्तर, वाड्याची कधी लागणार?’ असा चहूकडून एकच प्रश्न. २०२१ च्या दिवाळीत त्या प्रश्नाला उत्तरच उरलं नाही. २७ ऑक्टोबरला एसटी कर्मचाऱ्यांनी उपोषण सुरू केलं, मग एकेक आगार बंद पडत गेलं, आणि सण सरता सरता राज्यातल्या अडीचशे आगारांची चाकं थांबली. मागणी एकच होती, महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण. त्यामागचं दुखणं जुनं होतं. तुटपुंजा पगार, तोही वेळेवर नाही.

भिवंडीएवढं मोठं शहर, इथल्या मागावरचं कापड देशभर जातं, पण मुंबईसारखी लोकल इथे नाही. भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर, तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. महापालिकेची स्वतःची बससेवा नव्हती. ठाण्याला जायला टीएमटी आणि कल्याणला जायला केडीएमटी होती, म्हणून त्या बाजूचे लोक लोंबकळत का होईना, पोचत होते. खरे अडकले ते वाडा रस्त्याचे. नदीनाका ओलांडला की शेलार, कवाड, अनगाव, अंबाडी, पुढे कुडूस. या गावांतली भाजीवाली, शाळकरी पोर, दवाखान्यात निघालेला म्हातारा, सगळ्यांची भिस्त लाल गाडीवर. ती थांबली आणि जीपवाले, रिक्षावाले तोंडाला येईल तो आकडा सांगू लागले.

याच रस्त्यावर एक कंडक्टर चौदा वर्षं गाडी करत होता. आता तो आगाराच्या फाटकाशी घातलेल्या संपाच्या मांडवात बसलेला असायचा. घरी दोन मुलं, बायको, आजारी वडील. पगार बंद. फराळाला यंदा चिवड्यावर भागवलं होतं. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, पायी निघालेल्या मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत मोफत सोडणाऱ्या गाड्यांवर त्याने काम केलं होतं. तेव्हा लोक हात जोडत होते. आता मांडवासमोरून जाताना लोक म्हणायचे, ‘तुमच्यापायी आमचे हाल!’ तो खाली मान घालून ऐकून घ्यायचा. त्यांचं खोटं नव्हतं, आणि त्याचंही खोटं नव्हतं.

८ नोव्हेंबरला सरकारने संपाच्या काळापुरती खासगी बस, शाळेच्या बस आणि मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. दुसऱ्याच दिवशी त्याचा मेहुणा मांडवात आला. त्याचा ‘छोटा हत्ती’ टेम्पो एरवी कारखान्यातून गोदामात कापडाचे तागे वाहायचा. दिवाळीला माग बंद, कामगार गावी गेलेले, गाडी दाराशी उभी.

“भावोजी, अंबाडीपर्यंत फेऱ्या मारू. मी चालवतो, तुम्ही पैसे गोळा करा. तुमच्याइतका हिशेब कुणाला जमतो?”

त्याने आठवडाभर टाळलं. मग वडिलांच्या गोळ्या संपल्या आणि तो हौद्यात चढला.

पहिल्याच सकाळी बारा माणसं दाटीवाटीने उभी राहिली. रात्रपाळी करून घरी निघालेली दवाखान्यातली मावशी, गोणपाटात अवजारं बांधलेला सुतार, कॉलेजची दोन मुलं. शंभर रुपये सीट, हा नाक्यावरचा दर होता. एसटीच्या तिकिटाच्या दुपटीहून जास्त. त्याने तोच सांगितला. कुणी भांडलं नाही. भांडून जाणार कुठे? चौदा वर्षं सवयीची झालेली बोटं नोटा मोजत होती, पण त्या पहिल्यांदाच त्याच्या स्वतःच्या खिशात जात होत्या. तीन आठवड्यांत खिशाला जडपणा आला नव्हता. त्याला बरं वाटलं.

तुळशीचं लग्न तोंडावर होतं. परतीच्या फेरीत अंबाडीहून एक आजी चढल्या. टोपलीत आवळे, चिंचा, झेंडू आणि उसाच्या कांड्यांची जुडी. भिवंडीत तीनबत्तीच्या बाजारात विकायला निघाल्या होत्या. त्यांनी शंभर दिले. संध्याकाळी त्याच टेम्पोला पुन्हा आल्या, टोपली रिकामी. पदराची गाठ सोडली, चुरगळलेल्या नोटा मांडीवर सरळ केल्या, शंभर मोजून त्याच्या हातावर ठेवले आणि हात तसाच पुढे धरला.

“दे.”

“काय, आजी?”

“तिकीट.”

हौद्यातली माणसं हसली. तोही हसला. “आजी, टेम्पोला कसलं तिकीट?”

“मग हे पैसे कशाचे?”

तो काही बोलला नाही. आजींनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मास्क खाली होता. “तू तर आमचा मास्तर. सकाळच्या गाडीचा. माझं अर्धं तिकीट नेहमी न सांगता फाडायचास.”

“हो आजी.”

“मग संप कशाला केलास रे बाला?”

“पगार पुरत नाही. आम्ही मागतोय ते आमच्या हक्काचं आहे.”

“असेल,” आजी म्हणाल्या. “चौदा वर्षं पाहतेय तुला, लबाड नायस. हक्काचं मागावं माणसाने. पण मग माझ्याकडून बिनहक्काचं का घेतोस? दिवसभर उन्हात बसून साडेतीनशे मिळाले. दोनशे तुला दिले. तुझ्या गाडीत बसताना मला कधी भीती नाय वाटली. तिकिटावर आकडा असायचा, तो तू नाय ठरवायचास. आज बसताना वाटली.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागलं. कवाड आलं, अनगाव आलं. खड्ड्यांतून टेम्पो आदळत होता आणि तो दांड्याला धरून उभा होता.

रात्री जेवण झाल्यावर त्याने मुलीची जुनी वही घेतली. फेरीचं डिझेल एकशे तीस रुपये. गाडीचा हप्ता, टायर, झीज मिळून दीडशे. दोघांची मजुरी दोनशे. एकूण चारशे ऐंशी. माणसं बारा. माणशी चाळीस. त्याने पुन्हा मांडून पाहिलं, आकडा तोच आला. म्हणजे शंभरातले साठ रुपये ना डिझेलचे होते, ना गाडीचे, ना कष्टाचे. ते समोरच्याच्या अडचणीचे होते.

सकाळी मेहुण्याने वही पाहिली आणि तो भडकला. “भावोजी, नाक्यावर सगळे शंभर घेतात. आपण एकट्याने चाळीस घेतल्याने काय जग सुधारणार आहे? वर तुम्ही संपावर, घरात दाणा नाही. तुम्हाला कोण विचारतंय?”

“मला पगार कमी मिळतो म्हणून मी मांडवात बसलोय,” तो म्हणाला. “वरचा माझ्या अडचणीचा फायदा घेतो, ही माझी तक्रार. मग मी खालच्याच्या अडचणीचा फायदा घेतला, तर उद्या कुठल्या तोंडाने घोषणा देऊ?”

मेहुणा गप्प झाला. मग म्हणाला, “म्हाताऱ्यांचं काय?”

“अर्धं. शाळेच्या पोरांचंही अर्धं. तूट माझ्या मजुरीतून.”

खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मोठ्या अक्षरात दर लिहिला आणि हौद्याच्या फळीला बांधला. वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येकीवर ‘४०’ किंवा ‘२०’ लिहिलं. माणूस चढला की पैसे घ्यायचे आणि चिठ्ठी द्यायची. त्या चिठ्ठीला कायद्याने किंमत नव्हती. पण लोक ती खिशात नीट ठेवू लागले.

खोटं कशाला सांगायचं, कमाई घटली. नाक्यावरच्या टेम्पोवाल्यांनी दोनदा अडवलं, एकाने पुठ्ठा फाडला. याने दुसरा बांधला. पण आठ-दहा दिवसांत लोक इतर गाड्या सोडून याच्या फेरीसाठी थांबू लागले, तसे बाकीचेही साठावर आले. चाळिसावर कुणी आलं नाही. एका माणसाच्या खरेपणाने बाजार बदलत नाही, थोडा खाली मात्र उतरतो, आणि त्या थोड्यात कुणाच्या तरी घरची भाकरी असते.

आजी पुन्हा भेटल्या तेव्हा त्याने एकशे साठ रुपये त्यांच्यासमोर धरले. “त्या दिवशीचे जास्तीचे.” आजींनी ‘राहू दे’ म्हटलं नाही. मोजले, पदरात बांधले. “माझेच होते, घेते.”

संप लांबत गेला. २४ नोव्हेंबरला सरकारने पगारवाढ जाहीर केली. काही जण कामावर गेले, बरेच विलीनीकरणावर ठाम राहिले. निलंबनाच्या नोटिसा निघाल्या, बडतर्फीची भाषा सुरू झाली. त्या महिन्यांत राज्यात काही एसटी कर्मचाऱ्यांनी निराशेपोटी जीव दिला. मांडवात बातमी आली की त्या दिवशी कुणी घोषणा देत नसे. इकडे माग सुरू झाले, टेम्पो पुन्हा तागे वाहू लागला, फेऱ्या सकाळ-संध्याकाळच्या दोन उरल्या. कंडक्टरच्या घरी तांदळाचा डबा खाली गेला.

एके दुपारी आजी मांडवात आल्या. नातवाच्या खांद्यावर तांदळाची अर्धी गोण. शेतातला नवा तांदूळ.

“आजी, हे मला नको. असं फुकट…”

“फुकट कोण देतंय?” आजी म्हणाल्या. “बाजारात जो भाव, तोच लावलाय. व्यापारी मला कमी देतो, तू जास्त देऊ नको. वही काढ, लिही. गाडी सुरू झाली की दे.”

त्याच वहीत, जिथे चाळीसचा हिशेब मांडला होता त्याच्या मागच्या पानावर, त्याने आजींच्या नावापुढे रक्कम लिहिली. मांडवातली माणसं पाहत होती. दान मिळालं असतं तर त्याची मान खाली गेली असती. उधारी मिळाली, म्हणून ती ताठ राहिली.

पुढे मुंबई उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितलं. विलीनीकरण झालं नाही. जवळजवळ सहा महिन्यांनी त्याने खाकी कपडे इस्त्री करून घातले, खांद्यावर पैशांची बॅग अडकवली आणि तिकिटाचं यंत्र हातात घेतलं. वाड्याची गाडी नदीनाक्यावरून पुढे निघाली तेव्हा वाटेवरच्या माणसांनी हात केले. अंबाडीला आजी चढल्या. त्याने न सांगता अर्धं तिकीट फाडलं. पहिला पगार झाला, त्या आठवड्यात तांदळाचे पैसे चुकते केले आणि वहीतल्या रकमेवर आडवी रेघ मारली.

२६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला. आजींचं आधार कार्ड शहात्तर सांगत होतं. त्या दिवशी त्यांनी सवयीने पदराची गाठ सोडली, तर तो म्हणाला, “आजी, आता पैसे नाहीत.” त्यांनी तरीही हात पुढे धरला. त्याने यंत्रावर बटण दाबलं. शून्य रुपयांचं तिकीट बाहेर आलं. आजींनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि नोटांच्या जागी पदरात बांधलं.

वाचकहो, संप पुन्हा होतील. कधी एसटीचा, कधी रिक्षाचा, कधी आणखी कुणाचा. ज्याचं पोट जळतं तो हाक देणारच, आणि त्याची हाक ऐकली पाहिजे. पण त्या दिवसांत रस्त्यावर आपण सगळेच कुणाच्या तरी वर आणि कुणाच्या तरी खाली असतो. वरच्याकडे हक्क मागताना खालच्याचा हक्क आपल्या खिशात तर नाही ना, एवढं चाचपून पाहावं. असला, तर आजच परत करावा.