शांतीचा लोभ

चाळीसगावाच्या दक्षिणेस सातमाळ्याच्या रांगेत पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दानलेखांत मागिल नावाच्या एका राजवैद्याचा उल्लेख आढळतो. भिक्षूंच्या विहारासाठी वैद्याने दान द्यावे, ह्याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. कारण औषध देणारा व ध्यान करणारा ह्यांची सोयरीक मध्यंतरी तुटल्यासारखीच झाली होती.

मध्यरात्री विनाकारण छाती धडधडू लागली म्हणून उठून दिवा लावणाऱ्या माणसाने केवळ आराम मिळावा ह्या लोभाने ध्यानास बसावे काय? सत्यनारायण गोएंका १९५५ साली ब्रह्मदेशात अर्धशिशीने पीडित होऊन सयाजी ऊ बा खिन ह्यांच्याकडे गेले, तेव्हा रोग घालविण्यासाठी ही साधना नव्हे, असेच त्यांना प्रथम ऐकावे लागले. तहानलेल्याला विहिरीवर हेतू विचारावा, हे आम्हांस कठोर वाटते. तथापि त्या नकारात तथ्य होते. ‘आज भीती किती उणी झाली?’ असे जो रोज मोजतो, तो जुन्या चिंतेत नव्या चिंतेची भर घालतो.

अमेरिकेत जॉन कबात-झिन ह्यांनी १९७९ साली सजगतेची साधना रुग्णालयात नेली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत चिंताविकाराचे २२ रुग्ण होते. तीन वर्षांनी त्यांपैकी १८ जणांची पुन्हा विचारपूस झाली, तेव्हा आराम टिकलेला दिसला आणि बहुतेकांनी अभ्यासही सोडलेला नव्हता. पाहणी लहान, तुलनेस दुसरा गट नाही. तिच्यावर फार भार घालू नये. परंतु २०२२ साली २७६ रुग्णांच्या चाचणीत आठ आठवड्यांची ही साधना एस्सिटॅलोप्राम ह्या रूढ औषधाहून उणी ठरली नाही.

टिकते ते काय? आमच्या समजुतीप्रमाणे भीतीचा अभाव नव्हे. धडधड येते, ओळखली जाते, आणि ती असतानाही माणूस हातातले काम टाकीत नाही.

सुशिक्षित घरांतील एक खोड मात्र आम्हांस खुपते. आजाऱ्याला ‘जरा डोळे मिटून बस’ म्हणावयाचे व डॉक्टरकडे नेणे टाळावयाचे. कारण लोक काय म्हणतील! येथून इगतपुरी एकाच लोहमार्गावर; तेथील धम्मगिरीत १९७६ पासून दहा दिवसांची शिबिरे भरतात. प्रवेशपत्रात मानसिक आजाराविषयी व चालू औषधांविषयी विचारतात. तेथे खरे लिहावे, आणि गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नयेत.