आशा आणि ऋण

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ २०२२-२३ च्या हंगामारंभी क्रीडापत्रकारांच्या क्रमवारीत पहिला होता. २७ नोव्हेंबर २०२२ रोजी अलाबामा विद्यापीठाशी त्याचा ४० मिनिटांचा सामना चार वेळा वाढून ६० मिनिटांचा झाला, आणि १०१ विरुद्ध १०३ असा तो हातचा गेला. हंगामाअखेर विजय २०, पराभव १३. राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशही मिळाला नाही. अशा वेळी चाहता म्हणतो, 'यांनी आमचा विश्वासघात केला.'

हा आरोप टिकतो काय? करारास दोन पक्ष लागतात. पहिला क्रमांक पत्रकारांनी दिला, आशा प्रेक्षकांनी बांधली. त्या विशीतील मुलांकडे प्रामाणिक परिश्रम एवढेच देणे निघते. त्याचा जाब अवश्य विचारावा. दोन गुणांचा हिशेब मात्र वसुलीस लावता येत नाही.

अपेक्षेवाचून प्रेम कसले, असे कोणी म्हणेल. अपेक्षा जरूर असावी. परंतु देवापुढे नवस बोलतो तो भक्त, आणि फेडतोही भक्तच. देव त्यामुळे ऋणको होत नाही. आशेचा न्यायही हाच होय. जो ती बाळगतो, तिच्या भंगाचे दुःखही त्यानेच सोसावे.