वतन आणि चाकरी

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दरवर्षी मुलांना एक निबंध हमखास दिला जातो, 'मेरा वतन'. मुले लिहितात ते बहुधा ठरलेलेच असते. वतन म्हणजे जन्मभूमी, वतन म्हणजे आईची कूस. हीच मुले मराठीच्या तासाला बसतात तेव्हा त्याच शब्दाचा दुसरा अर्थ त्यांना सांगावा लागतो. मराठीत वतन म्हणजे पिढीजात हक्क. पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, महाराचे वतन. त्यात मिळणारी जमीन फुकट नसे, तिच्या बदल्यात गावाची चाकरी करावी लागे. काहींसाठी ही चाकरी मानाची होती आणि काहींसाठी निव्वळ गुलामगिरीची. म्हणून तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ सालीच महार वतनाविरुद्ध आवाज उठवला. पुढे १९५०, १९५८ आणि १९६२ च्या कायद्यांनी ही वतने गेली आणि ते योग्यच झाले.

पण शब्द राहिला. उर्दूतल्या वतनात माया आहे, कर्तव्याचा उल्लेख नाही. मराठीतल्या वतनात कर्तव्य आहे, मायेची अट नाही. मग गाव सोडून परदेशी गेलेल्या माणसाला नेमके कोणते वतन उरते? हा प्रश्न आमच्यापुढे आमच्याच घरातल्या माणसाने आणून ठेवला.

आमचा मामेभाऊ २००८ साली मेलबर्नला गेला. संगणकाचे काम, चांगला पगार, तिथेच दोन मुले झाली. २०१४ मध्ये त्याने तिथले नागरिकत्व घेतले. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार परक्या देशाचे नागरिकत्व स्वीकारताच इथले संपते. त्याच्या हाती आले ते ओसीआय कार्ड. त्यावर आयुष्यभर येजा करता येते, मात्र मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. दर दोन वर्षांनी तो जुन्नरला यायचा. तो येण्याआधी आम्ही मामूंचे जुने घर झाडून घ्यायचो, गाद्यांना ऊन दाखवायचो. तीन आठवडे घर गजबजायचे आणि मग पुन्हा कुलूप. किल्ली आमच्या दाराच्या खिळ्याला.

एप्रिल २०२१ मध्ये मुमानी वारल्या. मामू आधीच गेले होते. दवाखाना आम्ही केला, ऑक्सिजनसाठी रात्रभर आम्ही फिरलो, जनाजाला खांदा आम्ही दिला. त्याने सगळे मोबाइलवर पाहिले. तेव्हा आम्हाला त्याचा राग आला, तो बरेच दिवस गेला नाही. येता येत नाही, असे तो सांगत होता. आम्हाला ते निमित्त वाटले.

पण ते निमित्त नव्हते. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२० पासून आपल्याच नागरिकांना खास परवानगीवाचून देशाबाहेर जायला मनाई केली होती. ३ मे २०२१ पासून तर भारतातून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही दार बंद झाले. आदेश मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि जबर दंड होऊ शकत होता. ही बंदी १५ मेपर्यंत राहिली. तिच्यावर तिथेही टीका झाली, पण त्या काळात आमच्या भावाची अवस्था काय होती? जन्म झाला त्या देशाच्या कायद्याने तो परका आणि ज्या देशाचा नागरिक त्या देशाच्या दाराशीही संशयित. परवानगी मिळवून निघाला असता तरी बायकोमुलांकडे परत कधी जाता येईल, याची खात्री कुणी दिली असती? हे आम्हाला कळत होते. तरी राग होता.

२०२३ च्या जानेवारीत तो आला. पहिल्याच दिवशी तो कबरस्तानात जाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, "भाई, आहुपेको जाना है." मामू हिरड्याचा व्यापार करत. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या गावांतून आदिवासी हिरडा गोळा करत आणि मामू तो तोलून घेत. लहानपणी तो एकदा त्यांच्यासोबत आहुप्याला गेला होता.

आम्ही जुन्नरहून घोडेगावमार्गे निघालो. डिंभे धरणापाशी थांबलो. या जलाशयाचे नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेला आणि १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाच्या मोटारीखाली तिथेच शहीद झाला. तो गावी परत आला नाही, पण गावाने त्याला परका मानले नाही. या पाण्याखाली काही गावे आहेत. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले तेही त्यात गेले. तिथले लोक गाव सोडून गेले नव्हते, गावच त्यांना सोडून गेले. आणि याच डोंगरात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी कडा कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. जे त्या दिवशी शिक्षणाला, कामाला बाहेर होते ते वाचले. बाहेर असणे हा गुन्हा मानायचा, तर या वाचलेल्यांना आपण काय म्हणणार?

आहुपे सह्याद्रीच्या अगदी धारेवर वसले आहे. गावाशेजारी जुनी देवराई आहे. गावापुढे कडा तुटतो आणि खाली मुरबाडकडचे कोकण दिसते. पूर्वी आहुपे घाटाच्या पायवाटेने माणसे वर-खाली करत. वस्ती महादेव कोळी समाजाची. एका अंगणात म्हातारेबाबा बसले होते. त्यांनी विचारले, "कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

आमचा भाऊ गप्प झाला. मेलबर्न म्हणावे की जुन्नर, हे त्याला सुचेना. शेवटी त्याने वडिलांचे नाव सांगितले. बाबा सावरून बसले. म्हणाले, "हिरडंवालं भाई? ताजवा सरळ धरायचं बघा." आणि आत चहा टाकायला सांगितला.

बाबांचा मुलगा मुंबईला हमालीला आहे. भावाने विचारले, येतो का? बाबांचे उत्तर आम्ही विसरलो नाही. "पावसाच्या तोंडाला येतो, कौलं चाळतो न् जातो. कौलं चाळतोय तवर घर त्याचं. मग मुंबईला ऱ्हाऊ द्या न्हायतर आनिक कुठं."

परतताना गाडीत बराच वेळ कुणी बोलले नाही. जुन्नरच्या त्या बंद घराची कौले दरवर्षी आम्ही चाळून घेतो. भावाला ते ठाऊक होते आणि आम्हाला ते त्याला ठाऊक असल्याचे ठाऊक होते. मनातून आम्हाला थोडे बरेही वाटले. बाबांनी आमच्या बाजूने निकाल दिला, असे वाटले.

पण वाचकहो, निकाल इतका सोपा नाही, हे आम्हाला त्याच रात्री जाणवले. मुमानींच्या औषधांचा खर्च दरमहा कुठून येत होता? मेलबर्नहून. आमच्या पगारात तो झेपला असता का? नसता. हात आमचे होते, पैसा त्याचा होता. दोन्हींत जड कोणते, ते कोणत्या ताजव्यात घालायचे? शिवाय आम्ही जी सेवा केली ती मनातल्या मनात किती वेळा मोजली! दान देऊन उपकार बोलून दाखवणाऱ्याचे दान वाया जाते, ही शिकवण आम्ही वर्गात देतो. न बोलता मनात हिशेब ठेवणाऱ्याचे काय होत असेल? आणि आम्ही तरी मूळ गावी कुठे राहतो? नोकरीसाठी तालुक्याला आलो. वडिलांच्या घराची कौले चुलते चाळतात. परदेश नेमका किती मैलांवर सुरू होतो?

शरीअतने मुसाफिरासाठी अंतर घालून दिले आहे. आपल्याकडचे हनफी आलिम साधारण ४८ मैल सांगतात. तेवढ्या प्रवासाला निघालेला आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम करणारा माणूस चार रकातींच्या नमाजी दोन पढतो. मात्र आपल्या मूळ वतनात तो तासभर आला तरी मुसाफिर राहत नाही, पूर्ण चार पढतो. आणि कायमचे दुसरीकडे घर केले, परतण्याचा इरादा सोडला, तर जुने वतन वतन राहत नाही. हा आमच्या भावाचाच प्रश्न होता. या वेळी त्याचा मुक्काम बारा दिवसांचा. जोहरच्या वेळी वजू करताना त्याने हळूच विचारले, "भाई, मैं दो पढूं के चार?"

आम्ही मुफ्ती नाही, शिक्षक आहोत. आम्ही म्हणालो, आलिमांना विचारू. पण पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची गोष्ट मनात आली. ६२२ साली त्यांना मक्का सोडावी लागली. ६३२ साली अखेरच्या हजला ते आले तेव्हा मक्केत आणि परिसरात सुमारे दहा दिवस होते आणि नमाज दोनच रकाती पढत होते. ज्या गावात जन्म झाला, त्याच गावात ते मुसाफिर म्हणून उभे राहिले. त्यांचे मक्केवरचे प्रेम कमी नव्हते. पण ज्या मदीनेने आसरा दिला, तिचे ऋण त्यांनी मक्केच्या मायेखाली दडपले नाही. माया एका जागी आणि जबाबदारी दुसऱ्या जागी असू शकते आणि त्यात बेइमानी नाही, हे आम्हाला त्यातून उमगते.

आमच्या जुन्नरच्या लेण्यांतही याची साक्ष आहे. सातवाहन काळात बाहेरून आलेल्या इरिल नावाच्या यवनाने इथे पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा लेख कोरलेला आहे. तो इथला होता की नव्हता? त्याची मायभूमी कोणती, कुणालाही त्याची पडली नाही. त्याने पाण्याची सोय केली, म्हणून त्याचे नाव दगडावर राहिले. आपल्याला कुणी 'तुम्ही मूळचे कुठले?' असे विचारतो तेव्हा आम्हाला हा इरिल आठवतो.

मग वतन कुणाचे? आम्हाला वाटते, जन्माने ते फक्त उसने मिळते. चाकरीने ते आपले होते. ही चाकरी राबून होते, पैसा पाठवून होते, सरळ ताजवा धरूनही होते. मात्र घराला कुलूप लावून 'हे माझे' म्हणणे म्हणजे चाकरीवाचून वतन मागणे. आणि मागे राहिलेल्याने चाकरीच्या जोरावर गेलेल्याला पाहुणा ठरवणे, ही जुन्या वतनदारांचीच मिजास.

त्या दिवशी भाऊ मशिदीत उशिरा पोहोचला असता, तर त्याला एकट्याला पढावे लागले असते आणि दोन की चार हा पेच उरला असता. पण जमात उभी राहत होती. गावाच्या इमामामागे उभा राहिलेला मुसाफिरही पूर्ण चार पढतो, हा नियम आहे. तो आमच्या शेजारी सफीत उभा राहिला आणि त्याने चार पढल्या.

जाताना त्याने किल्ली आमच्याकडेच दिली. आमच्या शाळेत नव्याने आलेल्या एका बाईंना राहायला घर मिळत नव्हते. "उनको दे दो, भाई. किराये से कौलां चालके लेना," तो म्हणाला. पुढच्या वेळी येईन तेव्हा तुमच्याकडेच उतरेन, असेही म्हणाला. त्या पावसाळ्याआधी कौले चाळली गेली. वरच्या आढ्यापाशी एक जागा अजून गळते. त्याला तसे कळवले आहे.