झिजणाऱ्याकडे लक्ष कोणाचं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



नर्मदामैयाची परिक्रमा आपल्यातल्या काहींची झाली आहे, बाकीच्यांच्या मनात आहे. परिक्रमेत मैया ओलांडायची नसते. म्हणून ओंकारेश्वरहून दक्षिण तटानं निघालेला परिक्रमावासी मैया जिथं सागराला मिळते तिथं, भरूच जिल्ह्यात विमलेश्वर-कठपोरच्या बाजूला नावेत बसतो आणि समुद्रातून उत्तर तटावर मिठी तलाईला उतरतो. भरती पाहून नाव सुटते, काही तास चालते. वर 'नर्मदे हर'चा गजर चालू असतो. आज अशा मोटारनावेच्या तळाशी असणाऱ्या एका लहानशा वस्तूबद्दल बोलू या.

इंजिन नावेच्या आत, पंखा बाहेर पाण्यात. दोघांना जोडतो तो लांब दांडा म्हणजे शाफ्ट. शाफ्ट बाहेर पडतो तिथं त्याला सावरून धरतं ते बेअरिंग. पुष्कळ नावांत ही पितळेची नळी असते, आतून रबर आणि रबराला लांब खाचा. तिला तेल-ग्रीस लागत नाही. खाचांतून जाणारं पाणीच वंगण होतं आणि गाळही धुऊन नेतं. पूर्वी आगबोटींची पितळी बेअरिंगं भराभर झिजायची. इंग्लंडचे जॉन पेन यांनी 1854 मध्ये तिथं लिग्नम व्हिटे नावाच्या कठीण लाकडाच्या पट्ट्या बसवायची युक्ती काढली. त्यांनाही वंगण पाण्याचंच.

हे बेअरिंग मुद्दाम शाफ्टपेक्षा मऊ ठेवतात. शाफ्ट महागाचा, तो वाचावा म्हणून झिजायचं ते यानं. म्हणजे झिजणं हा त्याचा दोष नाही, ते त्याचं कामच आहे.

आपल्याकडे झिजण्याला मोठा मान. 'चंदनासारखी झिजली हो ती!' असं आपण डोळ्यात पाणी आणून म्हणतो. पण केव्हा म्हणतो? बहुतेक वेळा ती गेल्यावर. ती झिजत होती तेव्हा कोणी हात लावून पाहिलं होतं का?

जाणता नावाडी पाहतो. नाव कोरडीवर आली की पंख्याजवळ शाफ्ट धरून वर-खाली हलवतो. खेळ जास्त लागला, खडखड झाली, की बेअरिंग बदलतो. 'अजून चालतंय ना, मग चालू द्या' असं म्हणत नाही. कारण बेअरिंग सैल झालं की शाफ्ट थरथरतो, पाणी अडवणारं पॅकिंग खराब होतं आणि नावेत पाणी यायला लागतं. वर बसलेल्या भाविकाला यातलं काही दिसत नाही. त्याचा जीव नावाड्याच्या त्या पाहण्यावर असतो.

कोणी म्हणेल, सेवेत हिशोब कसला? निष्काम सेवा करणारा तक्रार करत नाही. खरं आहे. पण *निष्काम असणं ही सेवा करणाऱ्याची साधना आहे, सेवा घेणाऱ्याची सवलत नाही.* मी माझ्या मनानं झिजलो तर तो त्याग. दुसऱ्याच्या झिजण्यावर मी आरामात बसलो आणि वर त्याला त्यागाचं नाव दिलं, तर तो माझा आळस. झिजणारा बोलत नाही, म्हणून तर पाहण्याचं कर्तव्य आपल्यावर येतं.

आणखी एक गोष्ट. बेअरिंग एकाच बाजूनं झिजलेलं निघालं, तर बहुधा इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नसतात. ती रेष सरळ न करता नवं बेअरिंग बसवलं, तर तेही तसंच झिजतं. घरात अंथरुणावरच्या सासऱ्यांचं सगळं एकटी सूनच करत असेल, तर 'तिची सहनशक्ती कमी पडते' म्हणण्याआधी घराची रेष तपासावी. दत्तजयंतीच्या भंडाऱ्यात दरवर्षी त्याच दोन ताई भांड्यांपाशी असतील, तर त्यांना आरतीला उभं राहायला मिळतं का, हे आपणच विचारायला हवं.

इथं मात्र नावेचा दाखला संपतो. झिजलेलं बेअरिंग काढून टाकतात. माणूस काढून टाकायचा नसतो, त्याच्यावरचा भार बदलायचा असतो. चार दिवस दीर, चार दिवस मुलगा, चार दिवस लेक. आणि कोरडं फिरलं तर नवं बेअरिंगही जळतं, तेव्हा पाणीही हवं. एक चहाचा कप, 'तू जरा बस, मी करतो' एवढे चार शब्द, हेच ते पाणी.

या गुरुवारी नामस्मरणानंतर प्रत्येकानं आपल्या घरातलं असं एक माणूस आठवावं, आणि ग्रुपवर फुलं पाठवण्याआधी त्याच्या हातातलं एक काम आपल्या हातात घ्यावं. सद्गुरूंना ती सेवा नक्की पोचेल.

नर्मदे हर! ॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥